जसे पाहिले तसे लिहिले

विज्ञानाचे आणि माझे नाते दहावीनंतर तुटले. पुढे कला शाखा, आणि कला शाखेतही मराठी. अशा विद्यार्थ्याने पेशी आणि डीएनए या विषयावर लेखणी उचलावी हा अनेकांना अव्यापारेषु व्यापार वाटेल. तो आरोप मला मान्य आहे. तरीही लिहायला बसलो आहे, त्याला एक घरगुती कारण घडले.

गेल्या वर्षी माझ्या आत्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग असल्याचे निदान झाले. आत्या माळकरी. मांसाहार नाही, तंबाखू नाही, गावातल्या बायकांना असते तशी मिश्रीची सवयही नाही. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, पण आत्याच्या मनाने एक गोष्ट घट्ट धरून ठेवली होती. आधीची दोन वर्षे घरच्या अडचणींमुळे तिची आषाढीची वारी चुकली होती. हे दुखणे म्हणजे त्या चुकीचे फळ, असे ती धरून बसली. एके दिवशी तपासायला आलेले डॉक्टर तिला म्हणाले, "मावशी, तुमचं काही चुकलेलं नाही. शरीरातली पेशी स्वतःची नक्कल करते, ती करताना तिची चूक झाली. एवढंच." डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले आणि आत्या माझ्याकडे वळली. "कॉलेजात जातोस ना रे? मग सांग, नक्कल कसली? आणि करणाऱ्यानं चूक का केली?"

मला उत्तर देता आले नाही. पदवीच्या उंबरठ्यावर उभा असलेला मी, माझ्याच अंगात क्षणोक्षणी चाललेल्या एका कामाविषयी मला चार वाक्ये सांगता येत नव्हती. याची लाज वाटून मी शोध सुरू केला. शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी पुस्तके दिली आणि माझे बाळबोध प्रश्न न हसता ऐकून घेतले. त्यातून मला जे उमगले ते माझ्यासारख्याच इतरांसाठी येथे मांडत आहे.

पोथीची नक्कल

छापखाने येण्यापूर्वी आपले सारे वाङ्मय हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांतून जगले. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. लेखनिक कितीही दक्ष असला तरी माणूसच. कोठे एखादी वेलांटी गळे, कोठे सारखा शेवट असलेल्या दोन ओळींपैकी एक डोळ्यांना चकवून सुटून जाई. म्हणून जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक विनवणी करी, की मी जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नये.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली. पुढे सुमारे तीनशे वर्षांत तिच्या प्रतींत इतके पाठभेद शिरले, की शके १५०६ मध्ये म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये एकनाथांना ती शुद्ध करण्याचे काम हाती घ्यावे लागले. नाथांपुढचा प्रश्न सोपा नव्हता. दोन प्रतींत दोन निरनिराळे शब्द असले तर मूळचा कोणता आणि मागाहून शिरलेला कोणता, हे कसे ठरवायचे?

हा प्रश्न वाचकांनी लक्षात ठेवावा. पेशीलाही नेमका हाच प्रश्न पडतो.

पेशीतील पोथी

माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात. त्या सर्वांचा उगम आईच्या पोटात फलित झालेल्या एका पेशीत. एकीच्या दोन, दोहोंच्या चार असे होत होत शरीर घडते. घडून झाल्यावरही काम थांबत नाही. त्वचा झिजते, रक्तपेशी मरतात, आतड्याचे आतले अस्तर तर चार-पाच दिवसांत नवे होते. प्रत्येक नव्या पेशीला शरीराचे संपूर्ण टिपण हवे असते, म्हणून विभागण्यापूर्वी पेशी त्या टिपणाची नक्कल करते. ते टिपण म्हणजे डीएनए.

या पोथीची लिपी चारच अक्षरांची आहे. ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन ही त्या रसायनांची नावे. थोडक्यात ए, टी, जी आणि सी. आईकडून आलेला एक संच सुमारे ३ अब्ज अक्षरांचा आणि वडिलांकडून आलेला दुसरा तेवढाच. म्हणजे एका पेशीत ६०० कोटी अक्षरे! हा सगळा धागा सरळ ताणला तर सुमारे दोन मीटर भरेल. तो ४६ गुणसूत्रांत विभागून, गुंडाळून, डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात बसवलेला असतो.

हा धागा एकेरी नाही. दोन पदरांना पीळ घालून केलेल्या दोरीसारखी त्याची रचना आहे. एका पदरावरील अक्षर दुसऱ्या पदरावरील समोरच्या अक्षराचा हात धरून असते, आणि या जोड्या ठरलेल्या आहेत. ए समोर टी, जी समोर सी. डीएनएमध्ये ए आणि टी यांचे प्रमाण सारखे असते, तसेच जी आणि सी यांचेही, हे एर्विन चारगाफ या शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले होते. लंडनमध्ये रोझलिंड फ्रँकलिन क्ष-किरणांच्या साहाय्याने डीएनएची छायाचित्रे मिळवीत होत्या. या साऱ्या पुराव्यांचा मेळ घालून १९५३ मध्ये केंब्रिजच्या जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी दुपदरी पिळाची रचना मांडली. या जोड्यांमुळे नक्कल कशी होत असावी याचा मार्गही दिसतो, असे त्यांनी त्याच लेखाच्या अखेरीस नम्रपणे सुचवून ठेवले.

तो मार्ग असा. एका पदरावर 'ए जी टी सी' असे लिहिले असेल तर समोरच्या पदरावर 'टी सी ए जी' हेच असले पाहिजे. दोन्ही पदर सुटे केले तर एकेका पदरावरून हरवलेला जोडीदार पुन्हा तयार करता येईल. एका पोथीच्या दोन पोथ्या होतील, आणि प्रत्येकीत एक पदर जुना व एक नवा असेल.

तीन तर्क, एक प्रयोग

कल्पना सुंदर होती, पण सुंदर कल्पना खरी असतेच असे नाही. दुसरेही तर्क शक्य होते. मूळ पोथी जशीच्या तशी राहून शेजारी संपूर्ण नवी प्रत तयार होत असेल काय? किंवा जुन्याचे तुकडे होऊन ते दोन्ही प्रतींत विखुरले जात असतील काय? निर्णय कसा करायचा? जुने आणि नवे डीएनए दिसायला सारखेच!

मॅथ्यू मेसेलसन आणि फ्रँकलिन स्टाल या कॅलिफोर्नियातील दोन तरुण संशोधकांनी त्यावर एक तोड काढली. जुने आणि नवे दिसायला सारखे असले तरी वजनाला निराळे करता येईल! नायट्रोजनचा एक जड प्रकार असतो. आतड्यात राहणारे साधे जिवाणू त्यांनी अनेक पिढ्या या जड नायट्रोजनवर वाढवले. त्यामुळे त्यांचे सारे डीएनए जड झाले. मग त्या जिवाणूंना एकदम नेहमीच्या हलक्या नायट्रोजनवर आणले. यापुढे जे नवे डीएनए तयार होईल ते हलके असणार.

ठरावीक वेळाने त्यांनी डीएनए काढले, ते सीझियम क्लोराइडच्या द्रावणात घातले आणि मिनिटाला सुमारे ४५,००० फेरे घेणाऱ्या यंत्रात वीस तास फिरवले. अशा फिरण्यात द्रावण तळाकडे दाट आणि वरच्या बाजूला विरळ होते, आणि डीएनए आपापल्या वजनाप्रमाणे आपल्या पातळीवर पट्टा होऊन थांबते.

एक पिढी झाल्यावर एकच पट्टा दिसला, आणि तो जड व हलका यांच्या बरोबर मध्ये. जुनी पोथी अखंड राहत असती तर एक जड आणि एक हलका असे दोन पट्टे दिसायला हवे होते. तो तर्क तेथेच निकालात निघाला. दुसऱ्या पिढीनंतर दोन पट्टे दिसले, एक पुन्हा मधला आणि एक हलका, दोन्ही सारखेच. तुकडे विखुरले जात असते तर मधला पट्टाच थोडा हलका होऊन एकटा राहिला असता. म्हणजे तिसरा तर्कही गेला. उरला तो वॉटसन-क्रिक यांचा: प्रत्येक प्रतीत एक पदर जुना, एक नवा. हा प्रयोग १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. गणित न येणाऱ्यालाही पटावा असा तो पुरावा आहे, आणि मला तरी तो एखाद्या चांगल्या रहस्यकथेच्या शेवटासारखा वाटला.

उलटा चालणारा पदर

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. हे काम करणारी प्रथिने म्हणजे विकरे. प्रत्येकाचे काम वाटून दिलेले आहे. एक विकर, हेलिकेज, दोन पदर उलगडत जाते. ज्याने सुंभाची दोरी मधूनच उकलून पाहिली आहे त्याला ठाऊक असेल, की येथे पीळ सुटला की पुढे तो अधिकच आवळतो. हा आवळलेला पीळ सोडवायला दुसरे विकर असते. ते धागा कापते, ताण जाऊ देते आणि पुन्हा सांधते. मग येतो मुख्य लेखनिक, पॉलिमरेज नावाचे विकर. आर्थर कोर्नबर्ग यांनी पहिले असे विकर १९५६ च्या सुमारास शोधले आणि १९५९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा लेखनिक जुना पदर वाचतो आणि समोर जोडीचे अक्षर बसवतो. जिवाणूत त्याचा वेग सेकंदाला सुमारे १,००० अक्षरे इतका, तर माणसाच्या पेशीत सुमारे ५०. या संथ वेगाने ६०० कोटी अक्षरे एका टोकापासून लिहायची तर वर्षे लोटतील. म्हणून आपल्या पेशीत हजारो ठिकाणी एकाच वेळी लेखन सुरू होते आणि आठेक तासांत संपते.

या लेखनिकाला दोन खोडी आहेत. कोऱ्या जागेवर त्याला आरंभ करता येत नाही. कोणीतरी आधी चार अक्षरे लिहून द्यावी लागतात. आणि तो एकाच दिशेने लिहितो. येथे पंचाईत होते, कारण डीएनएचे दोन पदर उलटसुलट दिशांना धावतात. एका ओळीत मराठी आणि तिच्या खालच्या ओळीत उर्दू लिहिली आहे अशी कल्पना करावी. धागा उलगडत जाईल तसे एका पदरावर लेखनिक पुढे पुढे लिहीत जाऊ शकतो, मोडी लिहिणारा कारकून लेखणी न उचलता ओळ लिहीत असे तसा. पण दुसऱ्या पदराचे काय?

याचे उत्तर जपानमधील नागोया विद्यापीठातील रेजी ओकाझाकी आणि त्यांच्या पत्नी त्सुनेको ओकाझाकी यांनी शोधले. त्यांनी जिवाणूंना काही सेकंदांपुरतेच किरणोत्सर्गी खूण असलेले अक्षर दिले. असे केल्याने नुकतेच तयार झालेले डीएनए तेवढे ओळखता येते. ते लहान लहान तुकड्यांत असल्याचे दिसून आले. म्हणजे दुसऱ्या पदरावर लेखनिक थोडा धागा उलगडला की उलट दिशेने एक तुकडा लिहितो, पुन्हा पुढे येतो, पुन्हा उलट दिशेने दुसरा तुकडा लिहितो. जिवाणूत हे तुकडे एक ते दोन हजार अक्षरांचे असतात, माणसात शे-दोनशेच. हे संशोधन १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. तुकडे सांधणारे लायगेज हे विकर १९६७ मध्येच सापडले होते. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते तुकडे आज ओकाझाकी या नावानेच ओळखले जातात.

रेजी ओकाझाकी मूळचे हिरोशिमाचे. १९४५ च्या ६ ऑगस्टला त्या शहरावर अणुबाँब पडला तेव्हा ते चौदा वर्षांचे होते आणि किरणोत्सर्गाच्या तडाख्यात सापडले. १९७५ मध्ये वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पेशी आपली नक्कल कशी करते हे ज्याने उलगडले, त्याला ती नक्कल बिघडल्याने होणाऱ्या आजारानेच नेले. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. त्सुनेकोबाईंनी मात्र हाती घेतलेले काम पुढे चालू ठेवले आणि प्रत्येक तुकड्याच्या आरंभी लिहिल्या जाणाऱ्या त्या 'चार अक्षरां'चा प्रश्न तडीस नेला.

शुद्धीकरण

आता आत्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. लेखनिक चुकतो का?

चुकतो. पॉलिमरेज साधारण एक लाख अक्षरांमागे एक चुकीचे अक्षर बसवते. मुद्रिते तपासणाऱ्या कोणालाही हेवा वाटावा असा हा हिशेब, पण ६०० कोटी अक्षरांत ६०,००० चुका झाल्या! म्हणून हा लेखनिक स्वतःच तपासनीसही आहे. अक्षर बसवल्यावर जोडी नीट जमली नाही तर तो अडखळतो, एक पाऊल मागे घेतो, चुकीचे अक्षर खोडतो आणि पुन्हा लिहितो. या तपासणीने शंभरातल्या नव्याण्णव चुका जातात. ६०,००० वरून आपण ६०० वर आलो.

तरीही उरलेल्या चुकांसाठी दुसरे पथक मागून येते. ए समोर सी असे विजोड दिसले की ते थांबते. पण येथेच नाथांचा प्रश्न उभा राहतो: यातले मूळ कोणते, ए की सी? चुकीच्या बाजूला दुरुस्ती केली तर अशुद्धच कायमचे शुद्ध ठरेल. जिवाणूंनी यावर काढलेली युक्ती मजेची आहे. जुन्या पदरावर ठरावीक जागी मिथिल नावाच्या छोट्या रासायनिक खुणा असतात. नव्या पदरावर त्या उमटायला थोडा अवधी लागतो. तेवढ्या अवधीत ज्या पदरावर खूण आहे तो जुना, म्हणून प्रमाण. ज्यावर नाही तो नवा, म्हणून दुरुस्ती त्याची. माणसाच्या पेशीत ही मिथिलची खूण वापरली जात नाही. नव्या पदरातील अजून न सांधलेल्या फटी तेथे नवे-जुने ओळखायला उपयोगी पडतात. या दुरुस्तीचा उलगडा करणारे पॉल मॉड्रिच हे २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते.

या दुसऱ्या तपासणीनंतर अब्जावधी अक्षरांमागे एखादीच चूक राहते. म्हणजे सबंध नकलेत फार तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. हे काम शरीरात कोठे ना कोठे सदैव चालू असते, आपण वर्गात डुलक्या घेत असतानासुद्धा.

उरलेले पाठभेद

उरलेल्या चुकांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. पोथीतल्या समासात पडलेला शाईचा ठिपका जसा अर्थ बिघडवत नाही, तसेच. जन्माला येणाऱ्या प्रत्येक बाळात आईवडिलांत नसलेले सुमारे ६० ते ७० नवे पाठभेद असतात. तुमच्यातही आहेत, माझ्यातही आहेत. क्वचित एखादा पाठभेद उपयोगी ठरतो, टिकतो, पुढच्या पिढीत उतरतो. अशा टिकलेल्या पाठभेदांतूनच काळाच्या ओघात नाना प्रकारचे जीव घडत गेले. नक्कल पूर्णपणे निर्दोष झाली असती तर पृथ्वीवर पहिल्या एकपेशीय जीवाच्या प्रतींवाचून दुसरे काही दिसले नसते. ज्ञानेश्वरी नसती, ती वाचणारे नसते आणि ती चुकीची उतरवणारेही नसते.

पण काही चुका वाईट जागी पडतात. पेशीने कधी विभागावे आणि कधी थांबावे हे सांगणारी जनुके असतात. त्यांतच बिघाड झाला तर थांबण्याची आज्ञा पुसली जाते. एका चुकीने सहसा कर्करोग होत नाही. वर्षानुवर्षे अशा अनेक चुका एकाच पेशीच्या वंशात साठाव्या लागतात. म्हणूनच वयाबरोबर हा धोका वाढतो. आणि आतड्याच्या अस्तरासारख्या जागी, जेथे नक्कल सतत चालू असते, तेथे चुकीला संधीही अधिक मिळते.

याचा अर्थ सारे नशिबावर सोडावे असा नाही. तंबाखू, प्रखर ऊन, किरणोत्सर्ग यांनी डीएनएची अक्षरे बिघडतात आणि चुका वाढतात. तंबाखू सोडणे आपल्या हातात आहे. काही घराण्यांत दुरुस्ती करणारे पथकच जन्मतः दुबळे असते आणि आतड्याच्या कर्करोगाचा धोका त्यामुळे फार वाढतो. त्यांनी वेळोवेळी तपासणी करून घ्यावी हे उत्तम. परंतु निर्व्यसनी, घराण्यात तसे काही नसलेल्या माणसालाही हा रोग होऊ शकतो, आणि तेव्हा 'मी काय पाप केले' या प्रश्नाला विज्ञानाचे उत्तर 'काही नाही' असेच असते. कोट्यवधी अक्षरे अचूक उतरवणाऱ्या लेखनिकाच्या हातून एक अक्षर सुटले.

एका दुपारी आत्याच्या उशाशी बसून हे सारे मी तिला सांगितले. लेखनिकाची विनवणी सांगितली, नाथांची गोष्ट सांगितली. ती शेजारी ठेवलेल्या ज्ञानेश्वरीकडे पाहत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे माउलींची पोथी उतरवतानासुद्धा माणसं चुकली, आणि नाथांना ती शुद्ध करावी लागली. मग माझ्या पेशीला कशाला दोष द्यायचा?"

आता तिचे औषधपाणी संपले आहे. तपासण्या मात्र चालू आहेत. पुढच्या आषाढीला वारीत चार पावले तरी चालायचे असे म्हणते. मी थट्टेने विचारले, "चुकलेल्या वाऱ्या फेडायला का?" त्यावर ती म्हणाली, "नाही रे. जावंसं वाटतं म्हणून."